न्यायालयाची तारीख आता घरबसल्या

न्याय मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच आपला दावा कोठवर आला आहे हे कळणेही महत्त्वाचे असते. हद्दीचा अथवा वाटपाचा दावा लावलेल्या शेतकऱ्यास पूर्वी नुसती पुढील तारीख विचारण्यासाठी तालुक्याचे न्यायालय गाठावे लागे. दिवसाची मजुरी बुडे, प्रवासखर्च अंगावर पडे. तारीख चुकलीच, तर वादीचा दावा काढून टाकला जाण्याची किंवा प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी निकाल होण्याची धास्ती असे. न्यायालयांच्या संगणकीकरणाचे खरे मोल या नित्याच्या अडचणीवरून कळते.

सर्वोच्च न्यायालयात संगणकाचा वापर १९९० नंतरच्या दशकातच रुजला होता. जिल्हा व तालुका न्यायालयांसाठी मात्र देशव्यापी योजनेची गरज होती. त्यासाठी २००४ साली ई-समिती नेमण्यात आली आणि २००५ साली राष्ट्रीय धोरण व कृती आराखडा तयार झाला. त्यातूनच ई-न्यायालय प्रकल्प उभा राहिला. त्याच्या दुसऱ्या टप्प्याअखेर, २०२३ पर्यंत, १८,७३५ न्यायालयांचे संगणकीकरण झाले. त्याच वर्षी चार वर्षांच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्र शासनाने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे प्रत्येक प्रकरणास मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक. पहिल्या चार अक्षरांवरून राज्य व जिल्हा, पुढील दोन अंकांवरून न्यायालय, नंतरच्या सहांवरून नोंदीचा अनुक्रम आणि शेवटच्या चारांवरून वर्ष कळते. गट क्रमांकावरून जमीन ओळखावी, तसे या क्रमांकावरून प्रकरण ओळखता येते. तो संकेतस्थळावर किंवा मोबाईलवरील ई-न्यायालय सेवेत भरला की पुढील तारीख, आजवरचे कामकाज व उपलब्ध आदेश विनामूल्य पाहता येतात. इंदूर वा बडोद्यास स्थायिक झालेल्या कुटुंबालाही मूळ गावच्या वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्याची माहिती तेथूनच मिळू शकते.

साक्षीच्या बाबतीतही अंतर कमी झाले आहे. अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष दृक्‌श्राव्य माध्यमातून नोंदविता येईल, असा निर्णय महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली दिला. शिवाय २०१५ पासून राष्ट्रीय न्यायिक माहिती जालावर प्रलंबित प्रकरणांची संख्या कोणासही पाहता येते. जिल्हा व तालुका न्यायालयांत ती चार कोटींहून अधिक आहे.

संगणक निवाडा करीत नाही. पुरावा तोलण्याचे काम न्यायाधीशांचेच आहे, आणि त्यांची रिक्त पदे यंत्राने भरून निघत नाहीत. पडद्यावरील माहिती ही प्रमाणित नक्कलही नव्हे. महत्त्वाच्या कामी ती रीतसर अर्ज करूनच घ्यावी लागते व तारखेबद्दल आपल्या वकिलाकडून खात्री करून घेणे इष्ट ठरते.

ज्यांच्याकडे मोबाईल नाही किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी अनेक न्यायालयांत ई-सेवा केंद्रे उघडण्यात आली आहेत. तेथे प्रकरणाची स्थिती, नकलेचा अर्ज व मोफत कायदेविषयक साहाय्य यांबाबत मार्गदर्शन मिळते. प्रत्येक पक्षकाराने आपला सीएनआर क्रमांक वकिलाकडून लिहून घेऊन जमिनीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावा. गावातील शिक्षक व ग्रामसेवकांनी अशा कामी गरजूंना साहाय्य केल्यास तारखेपायी होणारी त्यांची पायपीट निश्चितच वाचेल.