साडेचार हजारला दम का लागतो?

माझदा आरएक्स-7. नव्वदच्या दशकातली ही गाडी आजही दिसायला एकदम कातिल. इंजिन जेमतेम 1.3 लिटरचं, त्यावर दोन टर्बो! अमेरिकेत 1993 ते 1995 अशी तीनच मॉडेल-वर्षं विकली गेली. आता ती सेकंडहँड घेणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली: 4,500 आरपीएमपर्यंत सुसाट, मग एकदम धाप!

फंडा असा. पहिला टर्बो सुरुवातीपासून राबतो, दुसरा साधारण 4,500ला जोडीला येतो. बूस्ट गेजवर 10 पीएसआय, क्षणभर 8, पुन्हा 10 दिसलं तर तब्येत ठणठणीत. काटा पडला आणि वर आलाच नाही, की लोक टर्बोच्या नावाने रडतात. थांबा बॉस! आधी इनटेकखाली डोकवा. तिथे रबरी व्हॅक्यूम नळ्यांचं अक्षरशः जंगल आहे. तीस वर्षांच्या उष्णतेने त्या कडक होतात, चिरतात, निसटतात. एक नळी गेली तरी व्हॉल्व्ह हलत नाही आणि दुसरे टर्बोसाहेब कामावरच येत नाहीत. सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या घाला. पण आधी फोटो काढून ठेवा, नाहीतर कोणती कुठली हे शोधण्यात अख्खा रविवार जाईल.

उलटं झालं, म्हणजे बूस्ट वाढतच सुटला, तर अॅक्सिलरेटरवरचा पाय लगेच काढा. या रोटरी इंजिनात पिस्टन नसतात, त्रिकोणी रोटर असतात. त्यांच्या टोकांवरचं सील नॉकिंगने तुटलं, की इंजिन उघडण्यावाचून इलाज नाही. म्हणून व्यवहाराआधीच कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, तीही रोटरीच्या खास टेस्टरवर. साधा टेस्टर रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे देत नाही.