कोड राहू दे, आकडे सांग!

प्रोजेक्टची एक्सटर्नल उद्यावर आलीये. चार महिने तुमच्या लॅपटॉपवर सगळं मस्त चाललंय. आता फक्त कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर टाकून बघायचं, एवढंच बाकी आहे. तुम्ही वॉर फाइल सर्व्हरवर टाकता, ब्राउझर उघडता, लॉगिनचं पान झकास दिसतं. नाव आणि पासवर्ड टाकून बटण दाबता आणि समोर येतं ४०४. पान सापडत नाही!

वाचूनच पोटात गोळा आला असेल, तर तुम्ही नक्की आयटी किंवा कम्प्युटरवाले आहात. मी नाही. मी मास कॉमची. मला जावा म्हटलं की आधी काकांची जुनी मोटारसायकल आठवते. पण माझी रूममेट एमसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वरचा प्रसंग तिच्यावर आला. मेसच्या कुपनांचा हिशेब ठेवणारं वेब अॅप्लिकेशन तिनं केलं होतं. एक्सटर्नलच्या आदल्या दिवशी ती लॅबमधून परत आली, तेव्हा जेवायलाही बसेना. रात्री नऊपर्यंत तिनं प्रत्येक लिंकचं स्पेलिंग तपासलं. कॅपिटल, स्मॉल, स्लॅश, सगळं. मग लॅपटॉप मिटून म्हणाली, "मला कोडिंग जमतच नाही गं. उगीच आले या लाइनला."

हा लेख त्या वाक्यासाठी आहे. कारण तिचा कोड बरोबर होता.

एका घरात चार जावा

तिनं शेवटी एका सीनिअर दादाला फोन लावला आणि कोड वाचून दाखवायला सुरुवात केली. तो मध्येच म्हणाला, "अगं, कोड राहू दे. आकडे सांग. तुझ्याकडचं जावा कितवं? टॉमकॅट कितवं? आणि लॅबमधलं?"

रूममेट गप्प. तिला माहीतच नव्हतं. तुम्हाला तरी माहितीये का? आत्ता, हा लेख वाचताना, तुमच्या लॅपटॉपवर कितवं जावा आहे ते सांगता येईल?

गंमत म्हणजे उत्तर एकच नसतं. एक्लिप्ससारखं टूल हल्ली स्वतःपुरतं एक जावा सोबत घेऊन येतं. तुम्ही वेगळं इन्स्टॉल केलेलं जावा दुसरं. कधीतरी यूट्यूबवर बघून 'जावा होम' सेट केलेलं असतं, ते तिसऱ्याच फोल्डरकडे बोट दाखवतं. आणि लॅबमधला सर्व्हर ज्याच्यावर चालतो, ते चौथं. एका घरात चार जावा नांदत असतील, तर कुणाचं कुणाशी पटत नाही हे आधी बघायला नको का?

दादानं सांगितलं तसं तिनं लॅपटॉप तपासला. तिच्याकडे जावा १७ आणि टॉमकॅट १०.१. लॅबमधल्या मैत्रिणीनं दुपारी काढलेल्या फोटोत लॅबचे आकडे सापडले. जावा ८ आणि टॉमकॅट ९. दादा फोनवरच हसला. "मग बरोबर आहे. चालायलाच नको."

जावाएक्सचं जकार्ता कसं झालं?

४०४ चं कारण टॉमकॅटच्या त्या ९ आणि १० मध्ये होतं. दिसायला एका आकड्याचा फरक, पण मध्ये एक मोठी गोष्ट घडून गेलीये.

सर्व्हरवर चालणाऱ्या जावाचं जे सगळं मानक होतं, ते जावा ईई, ओरॅकलनं २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. पण 'जावा' हे नाव ओरॅकलचंच राहिलं. त्यामुळे २०१८ मध्ये नवं नाव आलं, जकार्ता ईई. पुढे कोडमधल्या पॅकेजांच्या नावाचाही प्रश्न आला. आधी सर्व्हलेटची पॅकेजं 'जावाएक्स' या शब्दानं सुरू व्हायची. ते नाव वापरून पुढे बदल करायला परवानगी नव्हती, म्हणून २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळीकडे 'जावाएक्स'च्या जागी 'जकार्ता' लिहिलं गेलं. काम तेच, आडनाव बदललं.

टॉमकॅट ९ आणि त्याआधीचे सगळे जुनं आडनाव ओळखतात. टॉमकॅट १० पासून पुढचे फक्त नवं.

आता रूममेटचा प्रोजेक्ट बघा. तिचे सर्व्हलेट 'जकार्ता'वाले. लॅबच्या टॉमकॅट ९ नं त्यांच्यावरची खूण बघितली, ती त्याच्या ओळखीची नव्हती, म्हणून त्यानं सरळ दुर्लक्ष केलं. लॉगिनचं साधं पान उघडलं, कारण त्याला सर्व्हलेट लागत नव्हता. बटण दाबल्यावर सर्व्हलेट हवा होता आणि सर्व्हरच्या लेखी तो अस्तित्वातच नव्हता. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, नुसतं ४०४. म्हणून माणूस स्पेलिंग शोधत बसतो.

उलटही तेवढंच खरं आहे. जुन्या पुस्तकातला किंवा जुन्या व्हिडिओतला 'जावाएक्स'वाला कोड टॉमकॅट १० वर टाकलात, तर हेच होणार. एक्लिप्समध्ये 'जावाएक्स सर्व्हलेटचा सुपरक्लास बिल्ड पाथवर सापडला नाही' अशी लाल ओळ आली, तरी हाच संशय आधी घ्या. अशा वेळी कुणीतरी सांगतं, सर्व्हलेटची जार फाइल कुठूनतरी उतरवून प्रोजेक्टच्या लिब फोल्डरमध्ये टाक. ते करू नका. लाल ओळ जाईल, पण प्रत्यक्ष चालवताना सर्व्हर स्वतःचीच जार वापरतो. दुखणं तसंच, फक्त झाकलेलं.

बावन्न आणि एकसष्ट

रात्री साडेदहाला तिनं टॉमकॅट ९ ची झिप फाइल उतरवली, सगळी 'जकार्ता' बदलून 'जावाएक्स' केली आणि लॅपटॉपवर प्रोजेक्ट चालवून दाखवला. मी टाळ्या वाजवल्या. दादा म्हणाला, थांब, अर्धंच झालंय. हे लॅबमध्ये टाकलंस तर आता ५०० येईल. आत 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर' असेल आणि त्यात दोन आकडे दिसतील, ६१ आणि ५२.

हे आकडे कुठून येतात? तुम्ही लिहिलेला जावा कोड कम्पाइल झाला की त्याची क्लास फाइल बनते. तिच्या सुरुवातीलाच ती कितव्या जावासाठी बनलीये तो आकडा कोरलेला असतो. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. पाठ करायची गरज नाही. आकड्यातून ४४ वजा करा, जावा कळेल. एरर सांगत असते की ही फाइल ६१ ची आहे आणि मला ५२ पर्यंतचंच वाचता येतं. दहावीतला मुलगा पाचवीचं पुस्तक वाचू शकतो, पाचवीतला दहावीचं नाही, इतकं साधं आहे हे.

(दहावीतल्याचंही कधी कधी अडतं बरं का. एक्सएमएलसाठी वापरलं जाणारं जॅक्स-बी आधी जावासोबतच यायचं, जावा ११ पासून ते काढून टाकलंय. जुना प्रोजेक्ट नव्या जावावर टाकला आणि 'क्लास सापडला नाही' असं आलं, तर हेही बघा.)

उपाय काय? जावा १७ चा कम्पाइलरसुद्धा जावा ८ साठी फाइल बनवून देतो, फक्त तसं सांगावं लागतं. मेव्हन वापरत असाल तर पॉम फाइलमध्ये कम्पाइलरचा 'रिलीज' ८ करा. तिथे 'सोर्स' आणि 'टार्गेट' असे दुसरे दोन पर्यायही दिसतील. त्यांच्यात एक खड्डा आहे. ते आकडा ८ चा लावतात, पण तुम्ही जावा ११ मध्ये आलेली 'इजब्लँक'सारखी मेथड वापरलीत तर ओरडत नाहीत. ती चूक मग थेट लॅबमध्ये, चालत्या प्रोजेक्टमध्ये फुटते. 'रिलीज' मात्र तिथल्या तिथे पकडतो. एक्लिप्समध्येही जावा कम्पाइलरच्या सेटिंगमध्ये रिलीजचा पर्याय आहे.

रूममेटनं रिलीज ८ केलं आणि अकरा ठिकाणी लाल खुणा आल्या. डेटाबेसच्या क्वेऱ्या तिनं तीन अवतरणचिन्हांच्या टेक्स्ट ब्लॉकमध्ये लिहिल्या होत्या. ते आलं जावा १५ मध्ये. रेकॉर्ड वापरले होते, ते जावा १६ चे. एकेक बदलत गेली. दीड वाजता शेवटची खूण गेली. मी तोपर्यंत दोनदा चहा केला, एवढंच माझं योगदान.

आधी हे चार आकडे लिहा

तुमच्यावर अशी रात्र येऊ नये म्हणून दादानं सांगितलेली यादी देतेय. प्रोजेक्ट सुरू करायच्या आधी, लॅबमध्ये जाऊन.

१. कम्पाइलर कितवा? टर्मिनलमध्ये 'जावासी' लिहून स्पेस द्या, मग हायफन लावून 'व्हर्जन' लिहा. उत्तर समोर येतं.

२. प्रोजेक्ट कितव्या जावासाठी बनतोय? पॉममधला रिलीज किंवा एक्लिप्समधली कम्पाइलरची पातळी.

३. सर्व्हर कितवा आणि तो कितव्या जावावर चालतोय? टॉमकॅटच्या बिन फोल्डरमध्ये 'व्हर्जन' नावाची छोटी फाइल असते, टर्मिनलमधून ती चालवली की दोन्ही कळतं. टॉमकॅट ९ आणि १०.० ला किमान जावा ८ लागतं, १०.१ ला ११ आणि टॉमकॅट ११ ला १७.

४. आडनाव कुठलं? टॉमकॅट ९ पर्यंत जावाएक्स, १० पासून जकार्ता. एक्लिप्समधल्या डायनॅमिक वेब मॉड्यूलचा आकडाही याच्याशी जुळवा. ४.० असेल तर टॉमकॅट ९, ५.० असेल तर १०.० आणि ६.० असेल तर १०.१. हा आकडा नंतर खाली आणायला एक्लिप्स बऱ्याचदा नकार देतं. तेव्हा भांडू नका, योग्य आकड्याचा नवा प्रोजेक्ट करा आणि फाइली तिकडे न्या.

आणखी दोन गोष्टी. जावाएक्सचं जकार्ता करताना सरसकट 'रिप्लेस ऑल' मारू नका. डेटाबेससाठीचं 'जावाएक्स डॉट एसक्यूएल' जावाचाच भाग आहे, त्याचं आडनाव बदललेलं नाही. आणि हातात फक्त जुनी वॉर फाइल असेल, सर्व्हर टॉमकॅट १० असेल, तर ती 'वेबअॅप्स' ऐवजी 'वेबअॅप्स-जावाईई' नावाचं फोल्डर करून त्यात टाका. टॉमकॅट स्वतःच ती बदलून घेतो.

लॅब जुनी का?

हे सगळं ऐकून मी विचारलं, लॅबवालेच नवं का नाही टाकत? दादा नोकरीला लागलाय. तो म्हणाला, तू बाहेर आलीस की कळेल, बाहेरही असंच आहे. जावा ८ आलं २०१४ मध्ये आणि ओरॅकलचा त्याला पैसे घेऊन दिलेला सपोर्ट २०३० पर्यंत आहे. म्हणजे ते वापरणारे आहेत. दुसरीकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं आणि आडनावही जकार्ताच. दोन्ही जगं एकाच वेळी चालू आहेत. तुम्ही ज्या टीममध्ये जाल, तिथे कुठलं असेल ते तुम्ही ठरवत नाही. म्हणून 'नवं तेच चांगलं' किंवा 'जुनं तेच चालतं' असं काही नसतं. सगळ्यांचं एकमेकांशी जुळतंय का, एवढंच बघायचं.

दुसऱ्या दिवशी एक्सटर्नलनी तिला सात मिनिटांत मोकळं केलं. प्रश्न सगळे डेटाबेसवर. रात्रीच्या जागरणाबद्दल कुणी विचारलं नाही. प्रोजेक्ट चालला.

पण घरी आल्यावर तिनं मला तिचं ब्लॅक बुक दाखवलं. त्यात 'सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट्स' नावाचं पान असतं, माहितीये ना? तिच्या पानावर लिहिलं होतं जावा ७, टॉमकॅट ८. तिच्याकडे नसलेलं आणि लॅबमध्येही नसलेलं. सीनिअर्सच्या ब्लॅक बुकमधून जसंच्या तसं उतरवलेलं आणि त्यांनी बहुतेक त्यांच्या सीनिअर्सकडून. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये तिला वाचवू शकलं असतं असं एकच पान होतं आणि ते तिनं न वाचता छापलं होतं.

तुमचं ते पान काढा बरं. आकडे खरे आहेत का बघा. नसतील तर आजच लॅबमध्ये जाऊन या. आणि तरीही एरर आलीच, तर 'मला जमत नाही' म्हणायच्या आधी तिच्यातला आकडा वाचा आणि त्यातून ४४ वजा करा.