खाण बंद झाल्यानंतरची माती

खाण बंद झाली की मालकाची खातेवही मिटते. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांची मिटत नाही. धातू काढून उरलेल्या भुग्याचे ढीग तसेच पडून असतात. त्यांत शिसे, जस्त, तांबे शिल्लक राहतेच. वाऱ्याबरोबर ते घरांत येते, पावसाबरोबर ओढ्यात उतरते. झांबियातील काबवेची शिशाची खाण १९९४ साली बंद पडली. तेथील मुलांच्या रक्तात शिसे आजही सापडते. धातू जळत नाही, कुजत नाही. मग अशा मातीचे करायचे काय?

वेल्समध्ये गोगिनन येथे शिशाची जुनी खाण आहे. तिच्या ढिगावर गवत उगवलेले होते. ब्रॅडशॉ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५२ साली दाखवून दिले की, हे गवत शिशाच्या मातीत तग धरते, पण जवळच्या कुरणातले त्याच जातीचे गवत तेथे वाढत नाही. असंख्य बियांतून जी थोडी रोपे वाचली, त्यांचीच ही संतती! पुढे अशा गवतांतून ‘गोगिनन’ व ‘मर्लिन’ हे वाण निवडण्यात आले. ढिगाला चुना व खत देऊन ते पेरतात. गवत विष नाहीसे करीत नाही. मुळांनी माती धरून ठेवते, धूळ उडू देत नाही.

बुरशीचेही साहाय्य होते. काही बुरश्यांचे तंतू मुळांशी भागीदारी करतात. दूरचा स्फुरद आणून देतात आणि धातू स्वतःत अडकवून ठेवतात. हेदर या झुडपावरील प्रयोगांत १९८१ साली हे तांबे व जस्त यांच्या बाबतीत दिसून आले.

दुसरा मार्ग धातू उपसण्याचा. न्यू कॅलेडोनियातील एका झाडाच्या निळसर-हिरव्या चिकात, तो वाळवल्यावर, सुमारे चौथा हिस्सा निकेल भरते, असे १९७६ साली प्रसिद्ध झाले. अशा वनस्पती कापून, जाळून राखेतून धातू काढता येतो. परंतु शिसे सहसा मुळांतच अडते, देठापानांत फारसे चढत नाही. शिवाय हे काम वर्षानुवर्षांचे आहे.

तेव्हा ढीग हिरवा झाला म्हणजे विष गेले, असे कोणी सांगू लागल्यास आपण मान डोलावू नये. तेथे गुरे चरू नयेत, कुंपण राहावे, मातीपाण्याची तपासणी चालू राहावी. आपल्या देशात खाण बंद करण्याची योजना व तिची आर्थिक हमी २००३ साली नियमांत आली. ती कागदावर राहू न देणे, हे काम गवताचे नव्हे, आपले आहे.