रक्तावरची साखर

साखर म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चहाचा कप येतो, नाहीतर उसाचा फड. पूर्णा आणि नांदेड यांच्या मधल्या चुडाव्यात बसून तुम्ही हे वाचत असाल, तर तोड कधी येणार ही काळजीही सोबत येईल. घरात कुणाला मधुमेह असला तर 'रक्तातली साखर' हे शब्दही कानाच्या सवयीचे झाले असतील. आज सांगायची आहे ती साखर मात्र या सगळ्यांहून निराळी. ती रक्तात विरघळलेली नसते, तांबड्या पेशींच्या अंगावर चिकटलेली असते. चहात दोन चमचे जास्त पडले म्हणून ती वाढत नाही, की पथ्य पाळले म्हणून घटत नाही. ती आईबापांकडून आलेली असते आणि तुमचा रक्तगट कोणता हे तीच ठरवते.

कसे ते पाहा. तांबड्या पेशीवर साखरेच्या रेणूंच्या बारीक बारीक साखळ्या असतात. साखळीच्या टोकाशी फ्यूकोज नावाची एक साखर बसते. तिला आपण भिंतीतली खुंटी समजू. खुंटी असेल तरच पुढची साखर तिथे अडकते. दुधातल्या साखरेत जी गॅलॅक्टोज असते, ती अडकली तर गट बी. तिचीच थोडी बदललेली बहीण अडकली तर गट ए. दोन्ही असल्या तर एबी. आणि खुंटी मोकळीच राहिली तर ओ. फरक म्हणाल तर एवढाच! पण एवढ्याशा फरकापायी चुकीची पिशवी चढली तर माणूस दगावू शकतो. स्वतःजवळ नसलेली साखर दिसली की शरीर तिला परकी समजते आणि त्या पेशी फोडून टाकते.

मग ज्याच्या भिंतीला खुंटीच नाही, त्याचे काय?

अशी माणसे आहेत, आणि ती प्रथम सापडली आपल्याच मुंबईत. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रात या नव्या रक्तगटाची हकिकत छापली. तेव्हापासून साऱ्या जगात त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे तेच राहिले. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा असतो, असे सांगतात. युरोपात दहा लाखांत एखादा.

यात धोका कुठे आहे, तो नीट समजून घ्या. नेहमीच्या तपासणीत रक्ताच्या थेंबात दोन औषधे घालतात. एकाने ए ओळखू येतो, दुसऱ्याने बी. कशातच गुठळी झाली नाही की कागदावर 'ओ' लिहितात. बॉम्बे गटाच्या रक्तातही गुठळी होत नाही, म्हणून त्यालाही 'ओ'च म्हटले जाते. पण ओ रक्तावर खुंटी असते आणि या माणसाच्या शरीराला ती खुंटीच परकी! 'ओ सगळ्यांना चालते' हे आपण ऐकत आलो, ते इथे चालत नाही. त्याला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त लागते. म्हणून रक्तपेढीत पिशवीतले रक्त आणि रोग्याचे रक्त एकत्र करून जुळवणी पाहतात. तासभर लागला म्हणून तिथे आरडाओरडा करू नका. तो तास वाया जात नसतो.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक आहे पण सांगितली पाहिजे. एबी गटाच्या बापाचे मूल सहसा ओ गटाचे होत नाही. पण मूल बॉम्बे गटाचे असले तर कागदावर 'ओ' येते, आणि मग घरात बाईकडे संशयाने पाहणारे शहाणे निघतात. त्या मुलाच्या रक्तात खुंटी ओळखणारे तिसरे औषध घालून पाहिले तर खरा प्रकार बहुधा तिथेच उलगडतो. आईबाप दोघांचाही या बाबतीत काही दोष नसतो. खुंटी नसण्याचा गुण दोघांकडेही लपून बसलेला असला, तरच तो मुलात उघड होतो, तोही दर चार मुलांत एका मुलात, असे सरासरीचे गणित आहे. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडे चाल आहे. अशा जवळच्या नात्यात एकच लपलेला गुण दोन्हीकडून येण्याचा संभव जास्त.

साखरेच्या या अंगरख्याकडे आता जगभरचे शास्त्रज्ञ लक्ष देऊन पाहत आहेत. न्यूमोनियाच्या एका जंतूलाही असाच साखरेचा अंगरखा असतो. तान्ह्या बाळाच्या शरीराला नुसती साखर ओळखता येत नाही, म्हणून ती प्रथिनाला जोडून लस करतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशी लस २०२० साली बाजारात आणली. सरकारी लसीकरणात ही न्यूमोनियाची लस २०२१ पासून देशभर दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत फुकट देतात. बाळाच्या कार्डावर पी. सी. व्ही. लिहिलेले दिसेल, ते हेच.

रक्तावरचे संशोधनही मोठे गमतीचे आहे. १९८२ साली अमेरिकेत कॉफीच्या हिरव्या बियांतल्या एका विकराने बी रक्तावरची गॅलॅक्टोज छाटून त्याचे ओ रक्त केले होते. २०२४ साली डेन्मार्क आणि स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या आतड्यातल्या जंतूंची विकरे वापरून ए आणि बी दोन्ही साखरा काढून दाखवल्या. रक्तपेढीत हे यायला अजून अवकाश आहे. आले तरी बॉम्बे गटाला त्याचा उपयोग नाही, कारण साखर छाटली तरी खुंटी मागे उरतेच.

त्यांना आधार बहुतेक वेळा सख्ख्या भावंडांचाच. घरात एकाचा हा गट निघाला की बाकीच्यांचे रक्त लगेच तपासून घ्यावे. ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टर रोग्याचे स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवू शकतात. शिवाय मुंबईत परळला, के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात, रक्ताच्या संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. दुर्मिळ गटाच्या रक्तदात्यांची नोंद तिथे ठेवतात. बाळंतपण असेल तर हे सारे सातव्या महिन्यातच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता जीप नांदेडच्या रस्त्याला लागल्यावर रक्तदाता शोधायला वेळ नसतो.