वाकड्या शिंगाची साक्ष

अमेरिकेतील ‘बून अँड क्रॉकेट क्लब’ ही शिकाऱ्यांची संस्था 1887 साली थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. हरणांची शिंगे मोजण्याची तिची आजची रीत 1950 पासूनची आहे. लांबी, घेर, फाटे असे सारे इंचांत मोजून गुण द्यायचे. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिंगे सुडौल असतील तर कायमच्या नोंदवहीत जायला 170 गुण लागतात. भलतीकडे फाटे फुटलेल्या शिंगांची यादी वेगळी, तिथे 195. पहिल्या यादीत ज्या वाकड्या फाट्यामुळे गुण कापले जातात, त्याचेच दुसऱ्या यादीत गुण मिळतात. 2018 साली इलिनॉय राज्यात बाणाने मारलेल्या एका नराच्या शिंगांना 39 टोके होती आणि गुण भरले 327 पूर्णांक 7/8. शिकाऱ्याने मारलेल्या या जातीच्या हरणांत हा उच्चांक ठरला. शिंग केवढे होते हे या आकड्यावरून कळते, पण ते तसे का वाढले याचा पत्ता लागत नाही. माझ्या मते वेडेवाकडे शिंग हा त्या जनावराचा केसपेपर आहे, आणि तो वाचायचा सोडून आपण त्याची उंची मोजत बसलो आहोत.

मराठीत काळविटालाही शिंगे आणि चितळालाही शिंगेच, त्यामुळे एक मोठा भेद नजरेआड होतो. काळविटाचे शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढलेले पोकळ आवरण, ते जन्मभर एकच राहते. चितळ, सांबर किंवा पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे शिंग हे सबंध हाड असते, गळते आणि नव्याने उगवते. वाढताना त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली मखमली कातडी असते. मोठ्या जातींत ते दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. एवढे खनिज चाऱ्यातून भागत नाही, म्हणून शरीर ते बरगड्यांतून उसने घेते. टेस्टोस्टेरॉन हा वृषणांतला स्राव चढला की हाड टणक होते आणि मखमल सुकून निघते. तो उतरला की शिंग गळून पडते. शिंग मखमलीत असतानाच खच्ची केलेल्या नरात मात्र तो चढतच नाही, म्हणून शिंग तसेच राहते; खच्ची केलेल्या नराचे शिंग गळत नाही, हे अ‍ॅरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नोंदवले आहे. इतक्या घाईने, इतक्या उसनवारीवर वाढणाऱ्या हाडावर शरीराच्या प्रत्येक दुखण्याची खूण उमटणारच. मागचा पाय मोडला तर बहुधा विरुद्ध बाजूचे शिंग खुरटते. शिंगाच्या बुडाशी कवटीला मार लागला तर त्या बाजूला भलताच फाटा फुटतो, आणि कधी कधी तोच फाटा पुढच्या वर्षांतही उगवत राहतो.

अलास्कातील कोडियाक बेटाचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. तिथे काळ्या शेपटीची हरणे मुळात नव्हती. 1924 पासून ती सिटकाहून आणून सोडली गेली. बेटाच्या दक्षिणेकडील अलियुलिक द्वीपकल्पात मारलेल्या अनेक नरांची शिंगे विचित्र असल्याचे लक्षात आले. अभ्यासकांनी शिंगांबरोबर वृषणेही तपासली, तेव्हा त्या भागातील सुमारे दोन-तृतीयांश नरांची दोन्ही वृषणे पोटातच राहिलेली आढळली. 2006 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. संभाव्य कारणे दोन मांडली गेली: मोजक्या मूळ हरणांतून आलेला जनुकीय दोष, किंवा इस्ट्रोजेनसारखे काम करणारे पर्यावरणातील द्रव्य. दुसरी शक्यता हरणांपुरती थांबत नाही, त्याच परिसरातील इतर प्राण्यांचाही प्रश्न त्यात आहे. शिकाऱ्यांनी शिंगे भिंतीवर टांगून कवटीखालचे सारे फेकून दिले असते, तर हा दोष कधीच उजेडात आला नसता.

यावर पहिला आक्षेप आनुवंशिकतेचा. शिंगांची ठेवण बापाकडून मुलाकडे जाते, हे खोटे नाही. टेक्सासमधील केर वन्यजीव क्षेत्रात 1974 पासून बंदिस्त हरणांवर झालेल्या प्रयोगांत ते दिसले, आणि त्यावरूनच ‘वाईट शिंगांचे’ नर वेचून मारावेत हा विचार रुजला. पण कुंपणातला मोजूनमापून दिलेला चारा आणि रानातला दुष्काळ यांत फार अंतर आहे. उशिरा जन्मलेला किंवा अर्धपोटी वाढलेला नर पहिल्या वर्षी नुसते बिनफाट्याचे सुळके मिरवतो आणि पुढे चांगला भरतो. दक्षिण टेक्सासमधील कोमँची रँचवर अनेक वर्षे ‘वाईट शिंगांचे’ नर निवडून मारले, तरी उरलेल्या कळपाची शिंगे सुधारली नाहीत. वेडीवाकडी शिंगे तर त्याहूनही कमी आनुवंशिक. अ‍ॅबर्न विद्यापीठातील अभ्यासकांनी 2013 साली अशा शिंगांचा मागोवा घेतला, तेव्हा बहुतेक वेळा मूळ इजेत सापडले. कोडियाकला जनुकीय दोष असलाच, तरी तो वृषणांचा. शिंग त्याची फक्त वर्दी देते.

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, मग हा विषय आपला कसा? शिकारीला माझा पाठिंबा नाही, आणि गळून पडलेले शिंगही घरी आणू नये. पण साक्ष मिळवायला बंदूक लागत नाही. ताडोबा, पेंच, मेळघाट येथे वाघांच्या गणतीसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांसमोरून चितळ-सांबरही रोज जातात. आपल्याकडे चितळांची शिंगे सगळ्यांची एकाच हंगामात गळत नाहीत, त्यामुळे तारीख आणि जागेसह नोंद ठेवणे अधिकच गरजेचे आहे. वनविभागाने आणि विद्यापीठांनी ही छायाचित्रे वाघांचे पट्टे ओळखून झाल्यावर पुसू नयेत. त्यांतली वाकडी शिंगे, लंगडणारे पाय, न गळालेली मखमल यांची वेगळी नोंदवही ठेवावी, आणि ती यंदापासूनच सुरू करावी.