ठासणीच्या बंदुकीची घरगुती निगा

भात पोसवू लागले की सत्तरी, सांगे, सावंतवाडी, खानापूर या टापूंतील शेतकऱ्याची झोप रानडुकरे हिरावून घेतात. मग वर्षभर खुंटीवर टांगलेली ठासणीची बंदूक खाली उतरते. १९५९ सालच्या शस्त्र-कायद्याने पिकांच्या राखणीसाठी अशा बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद केलेली आहे. त्यामुळे आजही ती कित्येक घरांत नांदत आहे. ही बंदूक बार उडविल्याने फारशी झिजत नाही. बार उडविल्यानंतरच्या रात्री तिच्याकडे जे दुर्लक्ष होते, त्याने ती मरते. त्या दुर्लक्षावरचा उपाय घरातच असतो, म्हणून आज त्याविषयी थोडे बोलणार आहे.

पण साफसफाईला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट पाहिलीच पाहिजे : नळीत बार आहे की नाही? काडतुसाच्या बंदुकीसारखी ही मागून उघडत नाही, आणि तोंडातून डोकावून पाहणे हा तर वेडेपणाच होय. माझ्या एका नातेवाइकांच्या घरी भिंतीवरची बंदूक रिकामी आहे असे सारेच छातीठोकपणे सांगत. तिसऱ्या वर्षी कोणाला तरी गज घालून पाहण्याची बुद्धी झाली, आणि गज चार बोटे अलीकडेच थांबला! तोवर त्याच बंदुकीशी घरातली मुले शिपाई-शिपाई खेळत आली होती.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. प्रथम निपलवरची टोपी, म्हणजे केप, काढून टाकावी. नळीचे तोंड मोकळ्या दिशेस धरावे व बाजूला उभे राहून गज हलकेच आत सोडावा. तो जेथे थांबेल तेथे नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करावी. मग गज बाहेर काढून ती खूण तोंडाशी जुळवून नळीला बाहेरून लावून पाहावा. त्याचे टोक निपलच्या जवळपास पोहोचले तर नळी रिकामी. तीन-चार बोटे कमी पडले तर आत बार आहे असेच समजावे. असा जुना बार उडवून मोकळा करण्याच्या भरीस पडू नये. तोंडातून पाणी ओतून, शक्य तर निपल काढून त्या वाटेनेही पाणी सोडून, दारू भिजवावी. पुढे बार ओढून काढण्याचे काम परवानाधारक कारागिरावर सोपवावे. त्याच्याजवळ गजाच्या टोकास बसणारा मळसूत्री आकडा असतो. रिकाम्या नळीच्या मापाची खूण गजावर कायमची कोरून ठेवली, तर पुढे हा संशयच उरत नाही.

आता मळाविषयी. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. ती जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर होऊन उडून न जाता घनरूपच राहतो, आणि त्यातला बराचसा नळीला चिकटतो. त्यात चुलीच्या राखेत असतो तोच क्षार असतो, शिवाय गंधकाचे क्षार असतात. टोपीतल्या मसाल्यात क्लोरेट असेल तर त्याचा अवशेष म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊच. हे क्षार हवेतली ओल शोषून घेतात. कोकणच्या दमट हवेत एका रात्रीत नळीला तांबूस झाक येते ती यामुळे.

येथे पुष्कळजण चुकतात. लोखंड आहे, गंजेल, म्हणून ते मळावरच तेल ओततात. परंतु लोणच्याच्या तेलात जसे मीठ विरघळत नाही, तसेच हे क्षारही तेलात विरघळत नाहीत. उलट मळाचे डांबर होते आणि त्याखाली गंज सुखाने वाढतो. यावर औषध एकच : पाणी, तेही कढत. निपल तिच्या चावीने काढावी. नळी दस्त्यापासून सहज सुटत असेल तर तिचे बूड पाण्याच्या बादलीत धरावे आणि गजाला चिंधी बांधून वरखाली करावे. पंपाच्या दट्ट्याप्रमाणे पाणी आत ओढले जाते व काळे होऊन बाहेर पडते. नळी पक्की बसविलेली असेल तर दस्त्याला कापड गुंडाळून तोंडाकडून थोडेथोडे पाणी ओतावे. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे. शेवटचे पाणी कढत असले की नळी तापते आणि उरलेली ओल आपोआप उडून जाते. कोरड्या चिंध्या फिरविल्यानंतर मग तेलाचा हात, आणि तोही पातळ.

आपल्याकडील बहुतेक बंदुका आतून गुळगुळीत असतात. ज्या नळीत आटे असतात ती रायफल, आणि तिच्या बाबतीत हा मळ अधिकच नडतो, कारण तो आट्यांत बसला की पुढची गोळी ठासता येत नाही. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांना वंगण लावीत, ते गोळी सुलभपणे सरकावी व मळ मऊ राहावा म्हणूनच. त्या वंगणातील चरबीवरून १८५७ मध्ये काय झाले हे आपण जाणताच.

तेल कोणते? शिवणयंत्राचे उत्तम. घरचे म्हणून खोबरेल वापरू नये; बेळगावच्या थंडीत ते थिजते आणि घोडा जड चालतो. जवसाचे तेल दस्त्याच्या लाकडाला चांगले, पण यंत्रणेत घातले तर वाळून चिकट होते. निपलच्या आट्यांना मात्र थोडे घट्ट ग्रीस लावूनच ती परत बसवावी, नाहीतर पुढच्या खेपेस ती हलणार नाही, आणि जोर केला तर तुटेल. तिचे छिद्र बारीक तारेने मोकळे ठेवावे. मापात बसणारा एक पेचकसही जवळ असावा. ढिल्या पेचकसाने स्क्रूच्या खाचा खराब होतात. गज लाकडी असेल तर त्यात रुतलेली वाळू नळीला कानशीप्रमाणे घासते, म्हणून तो दर वेळी पुसावा.

घरी करू नयेत अशीही कामे आहेत. नळीच्या बुडाचा स्क्रू कधीही काढू नये. रिकाम्या निपलवर घोडा आपटून पाहू नये. तिचे तोंड चेपते. आणि घोडा अर्ध्यावर अडकविला असता चाप दाबल्यावर सुटत असेल, तर आतली खाच झिजली आहे असे समजून ती बंदूक दुरुस्त होईपर्यंत भरूच नये.

पावसाळ्यात बंदूक कापडी वा चामडी पिशवीत ठेवू नये, ओल आत कोंडते. तोंड खाली करून ठेवली तर जादा तेल निपलकडे व लाकडात उतरत नाही. निवडणुकांच्या काळात ती बहुधा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. तेथे किती आठवडे पडून राहील याचा नेम नसतो. म्हणून जमा करण्याच्या आदल्या दिवशी धुऊन, वाळवून तेल लावावे, आणि परत आणल्यावर भरण्यापूर्वी ते तेल पुसून काढून नळीत पुन्हा एकदा गज घालून पाहावा.