झ्वोनिमिर बोबान : एक लाथ आणि एक कारकीर्द

युगोस्लाव्हिया नावाचे राष्ट्र आता नकाशावर सापडत नाही. नेहरू व नासर यांच्यासमवेत अलिप्त राष्ट्रांची चळवळ उभी करणाऱ्या टिटोंचा देश म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांना तो चांगला ठाऊक होता. सहा प्रजासत्ताकांचे हे संघराज्य १९९१ पासून फुटत गेले आणि त्या फुटीत लाखाहून अधिक माणसे प्राणास मुकली. या शोकांतिकेचा आरंभ कोठे झाला असे विचारले, तर आजही कित्येक जण एका फुटबॉल मैदानाकडे आणि एका एकवीस वर्षांच्या खेळाडूच्या लाथेकडे बोट दाखवतात. तो खेळाडू म्हणजे क्रोएशियाचा झ्वोनिमिर बोबान. लाथेची ही कथा इतकी सोयीस्कर आहे, की तिच्याआड बोबानची सारी कारकीर्द जवळजवळ झाकून गेली. ती कारकीर्द नीट पाहिली म्हणजे त्या लाथेचाही अर्थ थोडा निराळा दिसू लागतो.

बोबानचा जन्म ८ ऑक्टोबर १९६८ रोजी इमोत्स्की या लहानशा गावी झाला. किशोरवयातच तो झाग्रेबच्या दिनामो क्लबात आला, मुख्य संघात शिरला आणि मिसरूड फुटण्याच्या वयात त्याचा कर्णधारही झाला. मध्यफळीत खेळणारा, चेंडू पायाशी असताना मान वर ठेवणारा, पास देण्यापूर्वी चार घरे पुढचे पाहणारा असा तो खेळाडू. १९८७ साली चिलीमध्ये झालेल्या युवकांच्या जागतिक स्पर्धेत युगोस्लाव्हियाने अजिंक्यपद मिळवले. पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात बोबानने गोल केला. बरोबरी झाल्यावर निर्णायक पेनल्टीही त्यानेच मारली. त्या संघात प्रोसिनेच्की, शुकर, यार्नी, श्टिमाच हे क्रोएट होते, तसे मियातोविचसारखे माँटेनेग्रोचे खेळाडूही होते. (यांपैकी श्टिमाच हे नाव आपल्याला परके वाटू नये. २०१९ ते २०२४ या काळात भारतीय संघाचा प्रशिक्षक होता तो हाच.) ही पोरे एकत्र राहिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न युरोपातील फुटबॉलरसिक अजून चघळत असतात.

आता त्या दिवसाकडे वळू. १३ मे १९९० रोजी झाग्रेबच्या मॅक्सिमिर मैदानावर दिनामो आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांचा सामना ठरला होता. क्रोएशियात बहुपक्षीय निवडणुका नुकत्याच पार पडल्या होत्या आणि स्वातंत्र्याची भाषा बोलणारा तुजमान यांचा पक्ष विजयी झाला होता. बेलग्रेडहून आलेल्या पाठीराख्यांचा म्होरक्या होता अर्कान, ज्याची निमलष्करी टोळी पुढे युद्धात कुप्रसिद्ध झाली. खुर्च्या उखडल्या गेल्या, दगडफेक झाली, कुंपणे मोडून दोन्हीकडचे लोक मैदानात उतरले. सामना खेळला गेलाच नाही. पोलीस आपल्याच बाजूच्या पाठीराख्यांना झोडपत आहेत असे पाहून बोबान धावत गेला आणि एका पोलिसाला त्याने उडी घेऊन लाथ हाणली. छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला. क्रोएशियात बोबान रातोरात वीर ठरला, बेलग्रेडमध्ये गुंड. युगोस्लाव्ह संघटनेने त्याला सहा महिने बंदी घातली आणि त्या उन्हाळ्यातील इटलीची विश्वचषक स्पर्धा त्याला मुकली. एका आदर्शासाठी आपण सारे पणाला लावले, अशा अर्थाचे उद्गार त्याने पुढे काढले, आणि ते खोटे म्हणण्याचे कारण नाही.

परंतु ‘युद्ध या मैदानावर सुरू झाले’ हे विधान तपासून घ्यावे लागते. तशा अर्थाचा मजकूर मॅक्सिमिरबाहेरील एका स्मारकावर कोरला गेला आहे. पण दगडावर कोरल्याने एखादी गोष्ट खरी ठरत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगणे न लगे. ज्याला लाथ बसली तो पोलीस सर्ब नव्हताच. तो बोस्नियातील मुसलमान होता आणि पुढे त्याने बोबानला जाहीरपणे क्षमाही केली. त्या काळी रेड स्टारच्या मध्यफळीचा आधार होता प्रोसिनेच्की, म्हणजे बोबानचा चिलीतील क्रोएट सोबती. शिवाय पुढील वर्षी, १९९०-९१ मध्ये, युगोस्लाव्हियाची लीग पूर्ण खेळली गेली. रेड स्टार पहिला आला, दिनामो दुसरा. युद्ध सुरू झालेल्या देशात असे घडत नाही. कोसोव्होची स्वायत्तता १९८९ मध्ये काढून घेतली गेली, चलनाचे मूल्य कोसळले, प्रत्येक प्रजासत्ताकात राष्ट्रवादाची सरशी झाली. घर आधीच पेटलेले होते. मॅक्सिमिरवर त्याचा धूर दिसला इतकेच.

१९९१ च्या उन्हाळ्यात मिलानने बोबानला विकत घेतले आणि वर्षभरासाठी बारी या दक्षिण इटलीतील क्लबाकडे उसना दिला. योगायोग असा, की त्याच बारी शहरात त्याच वर्षी मे महिन्यात रेड स्टारने युरोपियन चषक जिंकला होता. बोबानची बारी मात्र त्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरली. मिलानमध्ये परतल्यावरही वाट सोपी नव्हती. गुलित, रायकार्ड, व्हान बास्टेन, पापँ असे परदेशी तारे तेथे होते आणि एका सामन्यात तिघांपेक्षा अधिक परदेशी खेळवता येत नसत. बोबानला कित्येकदा बाहेर बसावे लागले, आणि खेळला तरी आवडीच्या मधल्या जागेऐवजी कडेला. तरीही तो टिकला. मिलानच्या चार लीग विजेतेपदांत त्याचा वाटा आहे.

१८ मे १९९४ रोजी अथेन्समध्ये मिलानने बार्सिलोनाचा ४-० असा फडशा पाडला. त्या दिवशी दुसऱ्या अर्धाच्या आरंभी गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद गोल टाकणारा साविचेविच हा माँटेनेग्रोचा, रेड स्टारचा माजी खेळाडू. मॅक्सिमिरच्या दंगलीला चार वर्षे व पाच दिवस झाले होते. मध्यंतरी वुकोवार उद्ध्वस्त झाले होते, बोस्नियात अजून रक्त सांडत होते, आणि बोबान व साविचेविच एकाच रंगाचा सदरा घालून एकमेकांना पास देत होते. लाथेचे छायाचित्र घरोघरी पोहोचले; या चित्राची आठवण मात्र कोणी फारशी काढत नाही.

१९९८ मध्ये फ्रान्समधील विश्वचषकात क्रोएशिया स्वतंत्र राष्ट्र म्हणून प्रथमच उतरला, बोबानच्या नेतृत्वाखाली. उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीला ३-० असे हरवल्यावर जगाचे डोळे विस्फारले. उपांत्य सामन्यात यजमान फ्रान्सविरुद्ध विश्रांतीनंतर लगेच शुकरने गोल केला आणि झाग्रेबमध्ये जल्लोष उसळला. तो मिनिटभरच टिकला. आपल्याच गोलक्षेत्राजवळ बोबान चेंडू घेऊन रेंगाळला, थुरामने तो हिसकावला आणि बरोबरी साधली. थुरामनेच पुढे दुसरा गोल केला. नेदरलंड्सला हरवून क्रोएशियाने तिसरे स्थान मिळवले, चाळीस-पन्नास लाख वस्तीच्या देशाला ही कमाई मोठीच. पण माझ्या मते बोबानचे मोठेपण समजून घ्यायचे तर लाथेबरोबर हा निसटलेला चेंडूही लक्षात ठेवावा. वीरपुरुषांच्या कथेत असल्या चुकांना जागा नसते; खेळाडूच्या चरित्रात असते.

२००१ मध्ये स्पेनच्या सेल्टा व्हिगोकडून थोडे खेळून तो निवृत्त झाला. त्यानंतर त्याने जे केले त्याचे आपल्यासारख्या कला शाखेच्या मंडळींना विशेष अप्रूप वाटावे. झाग्रेब विद्यापीठात त्याने इतिहासाची पदवी पुरी केली. प्रबंधाचा विषय होता रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती धर्म. वृत्तपत्रांत व दूरदर्शन वाहिन्यांवर त्याने फुटबॉलवर भाष्य केले. २०१६ पासून तीन वर्षे तो फिफाचा उपमहासचिव होता. नंतर मिलानच्या व्यवस्थापनात गेला, तेथे वरिष्ठांवर उघड टीका केल्याने २०२० मध्ये त्याला जावे लागले. २०२१ मध्ये युएफाने त्याला मोठे पद दिले. अध्यक्षांना कार्यकाल वाढवता यावा म्हणून नियम बदलण्याचा घाट घातला गेला, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये त्याने तेही सोडले. २०२५ साली दिनामोने त्याला आपला अध्यक्ष केले, आणि इमोत्स्कीचा हा मुलगा पुन्हा मॅक्सिमिरवर आला.